छोट्या लाइनीचे महाराज : माधवराव शिंदे आणि ग्वाल्हेरची आगगाडी

ज्यांचे बालपण लष्कर किंवा मुरारमध्ये गेले, त्यांना ‘छोटी लाइन’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दोन फुटी रूळ, खेळण्यासारखे डबे, डब्यांच्या टपावर बसलेली माणसे आणि रमतगमत चालणारे इंजिन, हे चित्र आपल्या आधीच्या तीन-चार पिढ्यांनी रोज पाहिले. 2020 साली ही गाडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. आज आपल्या घरातली लहान मुले मोबाइलवर जगभरच्या गाड्या बघतात, इंजिनांची नावे पाठ म्हणतात, आणि विचारतात की आपल्या गावात बघण्यासारखे काय आहे. त्यांना उत्तर द्यायचे तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. ती अशा एका राजाची आहे, ज्याला आगगाडीचे वेड लागले आणि त्या वेडातून त्याने रेल्वे शिकून घेतली.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. माधवराव शिंदे म्हटले की अनेकांना 1986 ते 1989 या काळात रेल्वे खाते सांभाळणारे केंद्रीय मंत्री आठवतात. त्यांच्याच काळात, 1988 मध्ये, देशातील पहिली शताब्दी एक्सप्रेस दिल्लीहून ग्वाल्हेरच्या मार्गावर धावू लागली. आम्ही लिहीत आहोत ते त्यांच्या आजोबांविषयी. नाव एकच आणि रेल्वेशी नातेही दोघांचे, म्हणून घोटाळा होतो.

रूळ आले, तेव्हा महाराज चार-पाच वर्षांचे

माधवरावांचा जन्म 20 ऑक्टोबर 1876 चा. वडील महाराज जयाजीराव, आई सख्याराजे. जयविलास राजवाडा नुकताच, 1874 मध्ये, उभा राहिला होता. जयाजीरावांचा रेल्वेशी संबंध आला तो सावकाराच्या नात्याने. 1872 मध्ये आग्रा ते ग्वाल्हेर मार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारला 75 लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर ते नीमच मार्गासाठी तितकीच रक्कम दिली. त्या काळात हा पैसा प्रचंड होता. 1881 मध्ये आग्र्याकडून येणारी बडी लाइन ग्वाल्हेरला पोहोचली, तेव्हा युवराज चार-पाच वर्षांचे होते. त्या वयाच्या मुलाला इंजिनाची शिटी आणि वाफेचा लोट पाहून काय वाटते, हे आपण आजही कोणत्याही फलाटावर पाहू शकतो.

1886 मध्ये जयाजीराव वारले. माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. गादी मिळाली, पण कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. त्याच वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडून शिंद्यांकडे परत आला. पुढची आठ वर्षे महाराजांच्या शिक्षणात गेली. डिसेंबर 1894 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले.

अठराव्या वर्षी हाती एवढी सत्ता आणि एवढा पैसा आल्यावर राजेलोकांनी काय काय केले, याची उदाहरणे त्या काळात भरपूर होती. या तरुण महाराजांचा ओढा यंत्रांकडे होता. राजवाड्याच्या परिसरात त्यांनी दोन फुटी रुळांची छोटी गाडी घालून घेतली. नुसते डब्यात बसून त्यांचे समाधान होईना. इंजिन कसे चालते ते त्यांनी शिकून घेतले आणि स्वतः चालवू लागले. वाफेचे इंजिन चालवणे म्हणजे नुसती शिटी वाजवणे नव्हे. बॉयलरमध्ये पाणी किती आहे, विस्तव कसा आहे, चढ येण्याआधी वाफ किती साठवायची, उतारावर ब्रेक केव्हा लावायचा, हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. पाणी कमी पडले तर बॉयलर फुटण्याचा धोका असतो. खुद्द महाराज असले म्हणून त्यातून सूट मिळत नाही. हे सगळे अंगावर घेऊन शिकलेला माणूस पुढे रेल्वेचा खर्च मंजूर करायला बसला, तेव्हा त्याच्यासमोरचे आकडे नुसते आकडे राहिले नाहीत.

दोन फुटांचा हिशेब

नव्याने गाड्या बघू लागणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. आपल्याकडची बडी लाइन, ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटरची. मीटरगेज नावाप्रमाणे 1000 मिलिमीटरची. छोट्या लाइनीचे मुख्य प्रकार दोन, 762 मिलिमीटर आणि 610 मिलिमीटर. ग्वाल्हेरची लाइन 610 ची, म्हणजे बरोबर दोन फुटांची.

गंमत अशी की, तीन मराठी राजघराण्यांच्या राज्यांत तीन वेगवेगळ्या गेजांची सुरुवात झाली. वडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम छोटी लाइन घातली, आणि तिचे डबे सुरुवातीला बैल ओढत असत. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्ज दिले आणि 1870 च्या दशकात खांडव्याहून घाट चढून इंदूरला मीटरगेज आली. ग्वाल्हेरने सर्वांत अरुंद गेज घेतले. आपल्या तिन्ही शहरांतल्या मंडळींनी एकमेकांकडे गेल्यावर हे जरूर लक्षात ठेवावे.

माधवरावांनी दोन फुटी गेज का घेतले? राजवाड्यातली गाडी त्याच मापाची होती, हे एक कारण. पण हिशेबही त्यांच्या बाजूने होता. आगगाडीची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही चाके सारखीच फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या रुळाची लांबी आतल्यापेक्षा जास्त भरते. दोन रुळांत अंतर जितके कमी, तितका हा फरक कमी, आणि म्हणून छोटी लाइन तीव्र वळण घेऊ शकते. ग्वाल्हेरच्या उत्तरेला आणि पश्चिमेला चंबळच्या खोऱ्यातले बेहड पसरलेले आहेत. पावसाने चिरत नेलेल्या मातीच्या त्या घळींतून बडी लाइन न्यायची तर ठिकठिकाणी भराव, खोदाई आणि पूल आले. छोटी गाडी मात्र उंचवट्याला वळसा घालून निघून जाते. रूळ हलके, पूल लहान, जमीन कमी, इंजिने स्वस्त. साहजिकच, त्याच पैशात जास्त गावे जोडता येतात.

आणि गावे जोडली गेली. 1897 मध्ये गाडी भिंडला पोहोचली आणि 1899 मध्ये शिवपुरीला. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे औपचारिक उद्घाटन झाले. मग तिसरा मार्ग पश्चिमेकडे निघाला. 1904 मध्ये जौरा आणि सबलगढ, 1908 मध्ये वीरपूर, आणि 1909 मध्ये श्योपूर. श्योपूरचा हा मार्ग सुमारे 200 किलोमीटरचा होता. दोन फुटी गेजवर इतका लांब सलग मार्ग जगात क्वचितच होता.

ज्या वर्षी शिवपुरीची लाइन सुरू झाली, त्याच वर्षी पाऊस नसल्याने पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत 1956 चा म्हणून लोक त्याला ‘छप्पनिया’ म्हणत. दुष्काळात माणसांच्याही आधी जनावरे मरतात. बैल मेले की बैलगाड्या थांबतात, आणि शेजारच्या मुलखात धान्य असले तरी ते भुकेल्या गावापर्यंत येत नाही. इंजिनाला चारा लागत नाही. जिथे रूळ आहेत तिथे पोते पोहोचू शकते, जिथे नाहीत तिथे नाही. भिंड, शिवपुरी, सबलगढ, श्योपूर हे आडबाजूचे मुलूख रुळांनी जोडण्याचे महत्त्व त्या वर्षानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी

महाराजांच्या रेल्वेवेडाची जी खूण आज सर्वांत प्रसिद्ध आहे, ती मात्र शेतात किंवा बेहडात नाही. ती जयविलासच्या भोजनगृहात आहे. लांबलचक टेबलावर रूळ बसवलेले आहेत आणि त्यांवरून विजेवर चालणारी चांदीची आगगाडी फिरते. तिच्या सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावाची सात अक्षरे आहेत. जेवणानंतर पाहुण्यांसमोरून मद्य आणि सिगार घेऊन ही गाडी फिरायची. कोणी डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे.

महाराज खोडकर स्वभावाचे होते आणि पाहुण्यांची फजिती करायला त्यांना आवडे, हे त्यांच्या समकालीनांनी नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे या गाडीभोवती अनेक किस्से जमा झाले. जयविलासचे संग्रहालय पाहायला येणारे बहुतेक लोक ही गाडी पाहून हसतात आणि पुढे जातात. राजाचा शौक, दुसरे काय, असे म्हणतात.

आम्हाला ते अपुरे वाटते. चांदीची गाडी हा शौक होताच, आणि संस्थानाच्या तिजोरीतला पैसा शेवटी रयतेच्याच घामाचा असतो, हेही विसरता येत नाही. पण असा शौक त्या काळात कितीतरी राजांना होता आणि बहुतेकांचा तो राजवाड्याच्या भिंतींच्या आतच संपला. माधवरावांचे रूळ भिंतीबाहेर गेले. खेळातून शिकलेले त्यांनी कामाला लावले, आणि ज्यांनी चांदीची गाडी कधी पाहिलीही नाही अशा लाखो लोकांना तिकिटाच्या थोड्या पैशात बाजाराला, कचेरीला, माहेरी जाता आले. महाराजांचा हिशेब करताना हे दोन्ही एकत्र मांडायला हवे.

रुळांपलीकडचे माधवराव

रेल्वेइतकेच त्यांचे लक्ष इतर गोष्टींकडेही होते. 1897 मध्ये त्यांनी सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. किल्ल्यावरचे आजचे सिंधिया स्कूल ते हेच. 1918 मध्ये पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि ग्वाल्हेर गायकीच्या गावात संगीत शाळेत शिकवले जाऊ लागले. सिंचनासाठी धरणे झाली. त्यांतले तिघरा धरण 1917 मध्ये फुटले आणि ते पुन्हा बांधावे लागले.

जहाजाशीही त्यांचा संबंध आला. 1900 मध्ये चीनमधल्या मोहिमेसाठी त्यांनी ‘ग्वालियर’ नावाचे रुग्णालय-जहाज दिले आणि स्वतःही फौजेबरोबर चीनला गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी आणखी एक जहाज घेऊन रुग्णालय म्हणून दिले, त्याचे नाव ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर हेच जहाज वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले, आणि 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्यातूनच सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या कंपनीच्या नावात शिंदे कुठून आले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

घरच्या आघाडीवर त्यांची दोन लग्ने झाली. पहिल्या राणी चिंकूराजे. दुसऱ्या गजराराजे या गोव्याच्या राणे घराण्यातल्या. त्यांना कमलाराजे आणि जिवाजीराव ही मुले झाली. ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला गजराराजांचेच नाव आहे.

आईवर महाराजांचा फार जीव होता. शिवपुरीत त्यांनी आईची छत्री बांधली. शिवपुरी हे संस्थानाचे उन्हाळी राजधानीचे ठिकाण, आणि छोट्या लाइनीमुळे ते ग्वाल्हेरला आणखी जवळ आले होते. 5 जून 1925 रोजी पॅरिसमध्ये महाराजांचे निधन झाले. वय अवघे 48. त्यांची संगमरवरी छत्रीही शिवपुरीतच, आईच्या छत्रीसमोर उभी आहे.

गाडी पुढे किती चालली

महाराजांनंतर त्यांची गाडी जवळजवळ शंभर वर्षे चालली. 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा तिच्यात जीआयपी, निजाम स्टेट आणि धौलपूर स्टेट या रेल्वेंबरोबर शिंदे संस्थानची रेल्वेही विलीन झाली. म्हणजे हैदराबाद आणि ग्वाल्हेर या दोन्ही गावांच्या गाड्या एकाच दिवशी एका घरात आल्या.

पण ज्या गुणांमुळे छोटी लाइन झाली, तेच पुढे अडचणीचे ठरले. हलके रूळ म्हणजे कमी वेग. लहान डबे म्हणजे कमी माल. गेज वेगळे म्हणून ग्वाल्हेरला सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायचा. रस्ते झाले, ट्रक आले, बस आल्या. शिवपुरीची छोटी लाइन आधीच बंद झाली. भिंडची लाइन ब्रॉडगेज झाली. श्योपूरची मात्र टिकून राहिली. घोसीपुरा, मोतीझील, बामोर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ असे करत दहा-अकरा तासांत ती श्योपूरला पोहोचे. ती भरभरून जात असे, कारण टपावरचे प्रवासी गरीब होते आणि त्यांना वेळेपेक्षा पैशाची चणचण जास्त होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गाडी थांबली. आता तिच्या जागी टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज येत आहे.

त्याबद्दल आम्ही रडगाणे गाणार नाही. श्योपूरच्या माणसाला लवकर ग्वाल्हेरला पोहोचता आले तर महाराजांनाही आनंदच झाला असता. त्यांनी छोटी लाइन घातली ती छोटी म्हणून नव्हे, परवडेल अशी होती म्हणून. खंत एवढीच की शंभरहून अधिक वर्षांची ही गाडी गेली आणि तिच्या आठवणी अजून कोणी नीट गोळा केलेल्या नाहीत.

मुलांना घेऊन सुरुवात कशी करावी

म्हणून ज्या घरांत आगगाडीवेडी मुले आहेत, त्यांना आमचे सांगणे आहे. महाराजांनी केले तसेच करा. लहानातून सुरुवात करा आणि एकच मार्ग नीट समजून घ्या. सगळ्या देशाच्या गाड्या एकदम पाठ करण्यापेक्षा आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या चार गाड्या निवडा. एक वही करा. गाडीचा क्रमांक, येण्याची वेळ, इंजिनावरचा क्रमांक, डबे किती, हे लिहा. इंजिनाच्या क्रमांकाजवळ अक्षरे असतात. त्यांत डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, मग डी म्हणजे डिझेल आणि ए म्हणजे विजेवर चालणारे, त्यानंतर पी म्हणजे प्रवासी गाडीसाठी, जी म्हणजे मालगाडीसाठी. एवढे कळले तरी समोरून जाणारे प्रत्येक इंजिन मुलाशी बोलू लागते.

पुढची पायरी म्हणजे नकाशा. ग्वाल्हेरचा नकाशा घेऊन भिंड, शिवपुरी आणि श्योपूर या तीन दिशा रंगवा आणि नद्या कुठे आडव्या येतात ते पाहा. इंदूरकरांनी महूजवळचा पातालपाणी ते कालाकुंड हा जुन्या मीटरगेजचा घाट पाहावा, वडोदेकरांनी डभोई. आणि जयविलासला जाल तेव्हा चांदीच्या गाडीसमोर थोडा वेळ थांबा. मुलांना सांगा, याच माणसाने भिंडला गाडी नेली.

गाडी बघायची ती फलाटावरून, पिवळ्या रेघेच्या मागे उभे राहून. रुळांत उतरायचे नाही, रुळांवर उभे राहून फोटो काढायचे नाहीत, फाटक बंद असताना खालून वाकून जायचे नाही. विजेवरची गाडी फार आवाज न करता येते आणि ती अंगावर आलेली कळत नाही.

शेवटी एक विनंती घरातल्या थोरांना. आपल्यापैकी अनेकांनी छोट्या लाइनीने प्रवास केला आहे. कोणी त्या गाडीने लग्नाच्या वऱ्हाडातून सबलगढला गेले, कोणाचे वडील जौऱ्याला मास्तर होते. जुने तिकीट, एखादा फोटो, स्टेशनमास्तरची ओळख, काहीही असेल तर नातवंडांना जवळ बसवून सांगा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. लिहून झाले की मंडळाकडे द्या, आम्ही ते जपून ठेवू.